पगडीतल्या पणजोबांचं तैलचित्र

पणजोबांचा पगडीतला फोटो समोर ठेवून जुन्या धाटणीचं ऑइल पोर्ट्रेट करताय आणि चेहरा एकतर चुना फासल्यासारखा होतो नाहीतर चिखल, असं तुम्ही म्हणताय. माझंही हेच व्हायचं. चित्र जुनं दिसावं म्हणून मी सगळ्या रंगांत बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, कालवायचो. बायकोने विचारलं, "यांना चहात कुणी बुडवलं?"

जुन्या चित्रांचा तो तपकिरीपणा बराचसा पिवळ्या पडलेल्या व्हार्निशचा असतो. तो सोडा, उजेड धरा. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली केलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याचा फोटो मोठा करून निव्वळ पांढरा रंग कुठे कुठे लागलाय ते शोधा.

मग कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरचा (मातकट तपकिरी रंगाचा) हात फिरवून फडक्याने पुसून घ्या. अख्खा चेहरा आधी अंबर आणि पांढऱ्यातच पुरा करा. अंबर लवकर वाळतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून डोळे बारीक करून बघा. तिथून पणजोबा ओळखू येत नसतील तर रंग लावून येणार नाहीत.

रंगाला यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक आणि टिटॅनियम व्हाइट पुरे. चुना होतो तो टिटॅनियममुळे; तो फार जोरकस आणि थंड. उजळ करताना आधी ऑकर, पांढरा नाकाच्या शेंड्यापुरता. चिखल होतो घोटण्याने. उजेड, मधली छटा, सावली असे तीन ढीग पॅलेटवर आधीच करा, सावली पातळ ठेवा. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. व्हार्निशला निदान सहा महिने थांबा. तेलाची फडकी बोळे करून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

आणि फोटोवर पगडीपुरता विश्वास ठेवू नका. त्या काळी फोटो ज्या काचेच्या निगेटिव्हवर घेत, तिला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल पगडी फोटोत जवळजवळ काळी येते, गालावरची लालीही काळवंडते. माझ्या पहिल्या चित्रात मी पगडी काळीच रंगवली होती. आत्याने बघून सांगितलं, ती कुंकवासारखी लाल होती. नाटकांचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे पगडी मिळते. घरातल्या कुणाला तरी ती घालून खिडकीशी बसवा.