वाळूपट्ट्याची मंजुरी: पुणे की खंडपीठ हे नंतर, आधी तारखा काढा

तुमची पोस्ट वाचली. गोदाकाठचं गाव, वाळूपट्ट्याला मिळालेली पर्यावरण मंजुरी, पात्रात उतरलेले पोकलेन, चार महिन्यांपूर्वी दिलेला अर्ज आणि त्यावर 'चौकशी सुरू आहे' असं एका ओळीचं उत्तर. आता पुण्याच्या हरित लवादात (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, एनजीटी) जावं की हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात, असं तुम्ही विचारलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, त्यामुळे शेवटचा सल्ला तुमचे कागद पाहिलेल्या वकिलाचाच घ्या.

कुठं जायचं ते कशाला आव्हान द्यायचंय त्यावर ठरतं. सरकारचा नियम किंवा अधिसूचनाच बेकायदा आहे असं म्हणणं असेल तर उच्च न्यायालय. नियम रद्द करण्याचा अधिकार लवादाला नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्टरलाइट प्रकरणात स्पष्ट केलंय. नियमाखाली दिलेली एखादी मंजुरी चुकीची असेल तर लवाद. तुमचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारातलं. लवाद आला म्हणून हायकोर्टाचा राज्यघटनेच्या कलम 226 चा, म्हणजे रिट याचिका ऐकण्याचा, अधिकार गेला नाही, असं सुप्रीम कोर्ट 2022 मध्ये म्हणालं हे खरं. पण रिट लागली की खंडपीठाचा पहिला प्रश्न असतो, पर्यायी मार्ग होता तर इथं का आलात? त्याचं उत्तर जुळवेपर्यंत लवादाची मुदत उलटते.

खरी माती इथंच होते. हरित लवाद कायदा 2010, कलम 16: पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील 30 दिवसांत. सबळ कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त 60. नव्वद दिवसांवर एक दिवस गेला तरी लवाद उशीर माफ करू शकत नाही, मग तुमची बाजू कितीही खरी असो. आणि नेमक्या याच नव्वद दिवसांत लोक एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. नाव घेत नाही, जिल्ह्यातल्या लोकांना ते माहीत आहे. अर्ज घेतात, आवक शिक्का मारून पोच देतात, 'अहवाल मागवलाय' म्हणतात, पुढच्या महिन्यात तोच कागद 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' दुसऱ्या टेबलावर सरकवतात. त्या शिक्क्याचा माणसाला फार आधार वाटतो. प्रत्यक्षात अर्ज दिल्यानं किंवा स्मरणपत्रं पाठवल्यानं मुदत थांबत नाही. त्या कार्यालयाला मंजुरी रद्द करण्याचा अधिकारच नसतो, पण हे एकदाही कुणी तोंडानं सांगत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

मुदत मोजायची ती मंजुरी लोकांना कळवली गेल्याच्या तारखेपासून. कळवण्याचे मार्ग अनेक: परिवेश या सरकारी पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर पत्र चढवणं, वर्तमानपत्रातली जाहिरात, ग्रामपंचायतीला दिलेली प्रत. यातला जो आधी पूर्ण झाला, तिथून दिवस सुरू. 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे ग्रामपंचायतीनं ती प्रत 30 दिवस फलकावर लावायची असते. म्हणून उद्याच ग्रामसेवकाकडे जाऊन आवक नोंदवही उघडायला लावा. मंजुरीच्या तारखेपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांची पानं बघा. प्रत आलीच नसेल, किंवा आली आणि फलकावर लागलीच नसेल, तर त्या पानांची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. पोर्टल आणि जाहिरातीच्या तारखाही काढा, कारण समोरचा वकील त्याच दाखवणार. माहिती अधिकारातून प्रमाणित प्रत येईपर्यंत थांबू नका, त्या उत्तरालाच 30 दिवस लागतात. पोर्टलवरची प्रत जोडा आणि प्रमाणित प्रतीतून सूट मागणारा अर्ज सोबत द्या.

तुमचे चार महिने अर्जातच गेलेत, म्हणजे अपिलाची वाट बहुधा बंद झाली. पण अटींचा भंग हा वेगळा विषय आहे. त्याच कायद्याच्या कलम 14 खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने आणि वर 60 दिवस मिळतात. नुकसानभरपाई आणि पात्र पूर्ववत करून घेण्यासाठी कलम 15 खाली पाच वर्षं. मंजुरीपत्रातल्या अटी एकेक करून वाचा. उत्खननाची खोली सहसा 3 मीटर किंवा पाण्याची पातळी, यातलं जे कमी असेल तेवढीच असते. खड्ड्यात खुणा केलेली काठी किंवा टेप उभी धरून, तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटतील असे फोटो काढा. नुसते वाळूच्या हायवा ट्रकचे व्हिडिओ काढून भागत नाही. मोबाइलमधल्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लावा.

अर्जात पट्टाधारकाला प्रतिवादी करायला विसरू नका. त्याचं म्हणणं न ऐकता दिलेला आदेश वर टिकत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि पंचनामा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, लवादाचं काम इंग्रजीत चालतं. भरपाई मागितली नसेल तर फी एक हजार रुपये.

ज्यांची अपिलाची मुदत अजून शिल्लक आहे त्यांनी आधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल काढावा. पात्रात दरवर्षी किती वाळू नव्यानं येते याचा अभ्यास त्यात नसेल तर त्या अहवालावर मंजुरी देता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट 2025 चा निकाल आहे. 'वाळू खूप उपसतात' या तक्रारीपेक्षा हा मुद्दा कितीतरी भारी पडतो. एक सावधगिरी: कामानंतर घेतलेली मंजुरी चालणार नाही, हा मे 2025 चा वनशक्ती निकाल अजून व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तो नोव्हेंबर 2025 मध्ये मागे घेतला गेलाय, त्यावर विसंबून अर्ज लिहू नका.

खडी क्रशर किंवा कारखान्याचं संमतीपत्र असेल तर रस्ता निराळा. प्रदूषण मंडळाच्या संमतीविरुद्ध आधी अपील प्राधिकरण, तेही 30 दिवसांत, आणि त्यानंतर लवाद.

लवाद बहुतेक वेळा संयुक्त समिती नेमून पाहणी करायला लावतो, आणि तिच्यात जिल्ह्यातलेच अधिकारी येतात. जिल्ह्याबाहेरचा एक तरी अधिकारी घ्या अशी लेखी विनंती पहिल्याच तारखेला करा. पाहणीच्या दिवशी नदीवर हजर राहा, मुद्दे लेखी द्या, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका, पंचनाम्याची नक्कल मागून घ्या.