पदनाम नाही, पण काम तेच केलंय. मग रेझ्युमेत लिहू काय?

‘मॅडम, सहा वर्षं साइट ऑफिसला आहे. कॉन्ट्रॅक्टची पत्रं, बिलं, बँक गॅरंट्या सगळं माझ्याच हातून जातं. पण माझं पद आहे ऑफिस असिस्टंट. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या जागांना अर्ज करते, तर साधा फोनसुद्धा येत नाही. रेझ्युमेत पदनाम बदलून टाकू का?’

वैशालीचा (नाव बदललं आहे) हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. बिलिंग इंजिनिअर, पर्चेसमधले, स्टोअरमधले, अकाउंट्समधले, असे बरेच जण हेच विचारत येतात. आपल्याकडे मधल्या फळीच्या ठेकेदार कंपन्यांत करारातल्या अटी, मुदती, पत्रं सांभाळणारा कॉन्ट्रॅक्ट विभाग असा वेगळा नसतोच. काम असतं, ते कुणीतरी करत असतं, आणि पगारपत्रकावर त्याचं पद भलतंच असतं.

तिने आणलेला रेझ्युमे चार पानी होता. वर पासपोर्ट फोटो, खाली ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे’ या अर्थाचं इंग्रजी उद्दिष्ट, शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र, स्थळ-दिनांकासह. एक्सेलला पाचपैकी चार तारे तिने स्वतःच दिलेले. हे सगळं आम्ही पहिल्याच भेटीत काढून टाकलं, आणि त्यात चर्चेसारखं काही नव्हतं. तारे, दोन रकाने, चौकटी यांचा आणखी एक ताप असा की भरतीचं सॉफ्टवेअर त्यातला मजकूर कधी कधी उलटसुलट वाचतं. साधी एका रकान्याची फाइल बरी.

खरी अडचण मधल्या दोन पानांत होती. तिथे ‘जबाबदाऱ्या’ या मथळ्याखाली अशा ओळी होत्या: करारासंबंधी सर्व कागदपत्रे हाताळणे. क्लायंट व कन्सल्टंटशी समन्वय. पत्रांचे मसुदे तयार करणे. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकाही वाक्यातून काही कळत नाही.

हा कागद शेवटी कोण वाचणार? एचआरच्या चाळणीतून गेला, तर कॉन्ट्रॅक्ट विभागाचा प्रमुख. या माणसाचं सगळं आयुष्य वाक्यात कोण, कधी, कुठल्या कलमाखाली, किती, हे शोधण्यात गेलेलं असतं. ‘सर्व कागदपत्रे हाताळणे’ हे वाक्य समोरच्या पार्टीच्या पत्रात आलं असतं, तर त्याने लाल पेनाने गोल केला असता. तुमच्या रेझ्युमेला तो वेगळा नियम लावत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की या नोकरीचा रेझ्युमे हाच तुमच्या कामाचा पहिला नमुना असतो.

मी वैशालीला विचारलं, ‘तुम्ही रजेवर असता तर काय बिघडलं असतं, असं एखादं काम सांगा.’

तिने आधी बँक गॅरंटीचं सांगितलं, म्हणजे ठेकेदाराने शब्द पाळला नाही तर क्लायंटला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी. कोणती कधी संपते याची यादी तिच्याकडे, नूतनीकरणासाठी बँकेला पत्र तिचंच. मग आरए बिलाबरोबर, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या बिलाबरोबर, कुठली जोडपत्रं जायला हवीत ते. आणि उठता उठता म्हणाली, ‘एकदा एक नोटीस माझ्यामुळे वेळेत गेली होती, पण ते काय रेझ्युमेत लिहायचं?’

मी तिला परत खाली बसवलं.

काम होतं परदेशी कर्जातून चाललेल्या पाणीपुरवठा योजनेचं, करार फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुकवर, म्हणजे तिच्या बांधकामासाठीच्या नमुना करारावर. एका टप्प्यात रस्ता खोदायची परवानगी क्लायंटने मिळवून द्यायची होती, ती येईना. पाइप येऊन पडलेले, टोळी बसून. मासिक बैठकीत सगळे त्यावर बोलले, इतिवृत्तात नोंदही झाली. साइटच्या साहेबांना वाटलं, इतिवृत्तात आलंय म्हणजे झालं. पण त्या करारातलं कलम 20.1 वेगळं सांगतं: मुदतवाढ किंवा जादा पैसे मागायचे असतील, तर ज्या घटनेमुळे मागायचे ती कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांच्या आत इंजिनिअरला (करार राबवायला क्लायंटने नेमलेला) सूचना द्यायची. नाही दिली, तर मुदत वाढत नाही आणि पैशांचा हक्कही जातो. वैशालीच्या एक्सेलमध्ये अशा प्रत्येक घटनेपुढे ‘शेवटची तारीख’ असा एक रकाना होता. तो तिने स्वतःच केलेला, कुणी सांगितलं नव्हतं. ती तारीख चार-पाच दिवसांवर आली, तेव्हा तिने पत्राचा मसुदा करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. पत्र गेलं. पुढे मागितलेल्या मुदतवाढीपैकी काही मंजूर झाली.

हे सगळं रेझ्युमेत ‘पत्रांचे मसुदे तयार करणे’ या ओळीत गाडलेलं होतं!

आता तिला उलट टोकाची घाई झाली. म्हणाली, ‘मग लिहू का, मुदतवाढ मिळवून दिली?’ नाही. मुदतवाढीचा दावा प्लॅनिंग इंजिनिअरने बांधला, साहेबांनी लढवला. असं लिहिलं की मुलाखतीत लगेच पुढचा प्रश्न येणार, विलंबाचं विश्लेषण कुठल्या पद्धतीने केलंत? तिथे गाडी थांबणार. आम्ही शेवटी इंग्रजीत जी ओळ केली तिचा मराठीत अर्थ असा: ‘फिडिक रेड बुक 1999 खालील पाणीपुरवठा कामात दाव्यांच्या सूचनांची मुदतनोंद ठेवली, खोदाई परवानगीच्या विलंबाबद्दल कलम 20.1 ची सूचना मुदतीत जाण्यासाठी मसुदा केला. पुढे मुदतवाढ अंशतः मंजूर.’

या रेझ्युमेत क्रियापदं सांभाळावी लागतात. मसुदा केला, तपासलं, पाठपुरावा केला, वाटाघाटी केल्या, मंजूर केलं या पाच वेगवेगळ्या खुर्च्या आहेत. आपण ज्या खुर्चीवर बसलो तीच लिहायची. गंमत म्हणजे, सहायक पातळीच्या जागेला ‘मुदतनोंद ठेवली’ हे ‘दावा जिंकला’पेक्षा जास्त उपयोगाचं असतं. दावे लढवणारे साहेब कंपनीकडे असतात. तारखा न विसरणारं माणूस त्यांना हवं असतं.

याच पद्धतीने बाकीच्या ओळी झाल्या. एकूण किती बँक गॅरंट्यांची नोंद ठेवली, महिन्याला किती उपठेकेदारांची बिलं वर्कऑर्डरच्या दरांशी ताडून पाहिली, रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, कुणाचं कधी सोडायचं याची नोंद कशी ठेवली. आकडे तिच्या वहीतून काढले, अंदाजाने एकही टाकला नाही. कामाची ढोबळ रक्कम लिहिली, कारण ती जाहीर निविदेतली होती. दाव्याची रक्कम, उपठेकेदारांचे दर आणि पत्रांच्या प्रती मात्र बाहेर. आधीच्या कंपनीचे दर रेझ्युमेत मांडणारा उमेदवार उद्या आपलेही मांडेल, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

आता तिचा मूळ प्रश्न, पदनामाचा. ते बदलायचं नाही. रिलिव्हिंग लेटरवर जे असेल तेच रेझ्युमेत. रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा पीएफच्या नोंदीतून ताडून बघणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ आहेत, आणि पदनामासाठी जुन्या एचआरला थेट मेल जातो. पण पदनामाच्या खालची ओळ आपली असते. तिथे आम्ही लिहिलं: ‘कामाचं स्वरूप: करार पत्रव्यवहार, उपठेका बिलं, बँक गॅरंटी व विमा नोंदी.’ आणि सगळ्यात वर, नावाखाली, उद्दिष्टाच्या जागी दोन ओळींचा सारांश, ज्यात ‘कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हे शब्द जाहिरातीत असतात तसेच. पोर्टलवर शोधणारा याच शब्दांनी शोधतो. पद म्हणून नव्हे, अनुभवाचं क्षेत्र म्हणून ते लिहिले, आणि त्यात लपवाछपवी काही नाही.

कौशल्यांच्या यादीची मात्र मी जरा उलटतपासणी घेतली. ‘कॉन्ट्रॅक्ट कायद्याचं ज्ञान’ असं होतं. विचारलं, 1872 च्या करार कायद्यातलं कलम 74 काय? तिने बरोबर सांगितलं: दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा, भरपाई त्या मर्यादेत वाजवी तेवढीच. विलंबदंडाची पत्रं येत होती म्हणून तिने ते वाचलं होतं. राहू दे म्हटलं. ‘लवाद’ काढला. 1996 च्या कायद्याचं नाव तिला माहीत होतं, पण लवादाची फाइल तिने कधी उघडलेली नव्हती. ‘प्रायमाव्हेरा’ या प्रकल्पाचं वेळापत्रक करायच्या सॉफ्टवेअरच्या जागी ‘प्रायमाव्हेरातलं वेळापत्रक वाचता येतं’ असं झालं. बाळंतपणानंतरचा वर्षभराचा खंड एका ओळीत, कारणासह, स्पष्टीकरणाशिवाय.

‘पण मी तर बी.कॉम.,’ हे शेवटपर्यंत तिच्या मनात होतंच. तिथे मी खोटा दिलासा दिला नाही. दावे आणि लवादाच्या जागांना सिव्हिल इंजिनिअर किंवा कायद्याचा पदवीधर मागतात, आणि तिथे अर्ज टाकत बसणं म्हणजे नुसती दमणूक. उपठेका व्यवस्थापन, करार दस्तऐवज, कमर्शियल असिस्टंट या जागांना वाणिज्य शाखा चालते, कधी कधी जास्त बरी पडते, कारण जीएसटी, टीडीएस, रिटेन्शन यांचा हिशेब पक्का असतो. तिने आधी पहिल्याच प्रकाराला अर्ज केले होते. फोन न येण्याचं निम्मं कारण हे होतं, आणि ते रेझ्युमेत नव्हतंच.

दोन पानी रेझ्युमे घेऊन तिने दुसऱ्या प्रकारच्या मोजक्या जागा निवडल्या, प्रत्येक जाहिरात वाचून ओळींचा क्रम बदलला. पुण्यातल्या एका कंपनीने बोलावलं. मुलाखतीत बहुतेक वेळ त्या 28 दिवसांच्या नोटिशीवरच गेला. इतिवृत्त पुरेसं का नाही, हे तिला विचारलं गेलं आणि तिने सांगितलं. ‘ते पत्र दाखवाल?’ यावर तिने ‘ते कंपनीचं आहे, कशाबद्दल होतं ते सांगू शकते’ असं उत्तर दिलं.

निवड असिस्टंट म्हणूनच झाली, पगारात थोडीशीच वाढ. नव्या कंपनीला ती महिनाभरात हवी होती. होकार देण्याआधी तिने स्वतःचं जुनं नेमणूकपत्र काढून पाहिलं, तर नोटीस पीरियड दोन महिन्यांचा. तिने तसा मेल केला, रुजू होण्याची तारीख ऑफर लेटरमध्ये बदलून मागितली आणि बदललेलं पत्र हातात आल्यावर राजीनामा दिला.