उन्हातनं आत आलं की काहीच का दिसत नाही?

प्रश्न : आमच्याकडं टॉवेलचे माग आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी जेवून परत आलो की कारखान्यात नुसता काळोख वाटतो, तुटलेलं सूत पण दिसत नाही, मग हळूहळू आपोआप दिसायला लागतं. डोळे अधू झालेत का माझे?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : नाही हो, थोड्या वेळानं नीट दिसतंय ना, मग हे सगळ्यांचंच होतं. बाहुली तर काही सेकंदातच मोठी होते, वेळ लागतो तो मागच्या पडद्याला म्हणजे रेटिनाला. तिथं दोन जातीच्या पेशी असतात, भरपूर उजेडात रंग आणि बारकावे दाखवणाऱ्या शंकूपेशी साधारण 60 लाख, आणि कमी उजेडात कामाला येणाऱ्या दंडपेशी जवळजवळ 12 कोटी. दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन असतं आणि त्यात अ जीवनसत्त्वापासून झालेला एक वाकडा रेणू बसलेला असतो, त्याच्यावर प्रकाश पडला की तो क्षणात सरळ होतो आणि तिथनंच बघणं सुरू होतं. आणि खरी कमाल पुढंच आहे, अंधारात ही पेशी पुढच्या पेशीकडं सारखं एक रसायन सोडत असते आणि उजेड पडला की ते सोडणं कमी करते, म्हणजे मेंदूला उजेड कळतो तो या कमी होण्यातनं! मला तरी हे भारीच वाटतं. ऱ्होडॉप्सिनचं हे काम उलगडणाऱ्या शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांना 1967 साली नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर.

आता तुमचं दुपारचं बघा. सोलापूरच्या उन्हात यातलं बरंचसं ऱ्होडॉप्सिन खर्ची पडतं, आणि सरळ झालेला रेणू परत वाकवून जागेवर बसवायला वेळ लागतो. शंकूपेशी दहाएक मिनिटात सावरतात, दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास किंवा जास्तच. म्हणून बाहेर पडताना टोपी आणि चांगला गॉगल घाला, म्हणजे खर्चच कमी होईल, आणि आत आल्या आल्या चालू मागात हात घालू नका, जरा थांबा.

पण संध्याकाळ झाली की दिसतच नाही, ठेचा लागतात, किंवा आधीपेक्षा सावरायला जास्त वेळ लागतोय असं असेल तर मात्र डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवाच, अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी रातांधळेपणा येतो आणि दुसरीही कारणं असतात, गोळ्या मनानं घेऊ नका. जेवणात शेवग्याचा पाला, गाजर, पपई असू द्या.