आल्याचे विरजण आणि नागपूरचे ऊन

घरी नैसर्गिकरीत्या आंबवून फसफसणारी पेये कशी करावीत, यावर मागील अंकात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेक पत्रे फसलेल्या प्रयोगांविषयी आहेत, आणि जवळजवळ सर्व प्रयोग एप्रिल-मे महिन्यांतले आहेत. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगते, की आले, साखर आणि पाणी काही दिवस एकत्र ठेवल्यावर आल्याच्या सालीवरील यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात वाढतात. त्या जिवंत पाण्याला मी ‘आल्याचे विरजण’ म्हणते, कारण दुधाला विरजण लावावे तसेच ते गोड पाण्याला किंवा फळांच्या रसाला लावायचे असते. विरजण लावलेले आल्याचे गोड पाणी बंद बाटलीत फसफसले, की तो आल्याचा सोडा.

प्रश्न : विरजण पाच ते सात दिवसांत तयार होते असे वाचून मी मे महिन्यात ओट्यावर बरणी ठेवली. दुसऱ्या दिवशी भरपूर बुडबुडे आले, चौथ्या दिवशी ते थांबले आणि सहाव्या दिवशी शिरक्यासारखा वास येऊ लागला. आले खराब होते का? (मनीषनगर)

आले चांगलेच होते. आपले विरजण दुसऱ्या दिवशीच तयार झाले होते आणि नंतर उपाशी राहिले. पाच ते सात दिवसांचा हिशेब वीस-बावीस अंश तापमानाच्या स्वयंपाकघरासाठी केलेला असतो. नागपुरात बाहेर पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा कूलर नसलेल्या स्वयंपाकघरात दुपारी अडतीस-चाळीस अंश सहज असतात, आणि त्या उष्णतेत यीस्ट आधी घाईघाईने साखर संपवते, मग स्वतःच मलूल होते, तर आम्ल तयार करणारे जिवाणू मात्र काम करीत राहतात. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात दोन ते तीन दिवस आणि डिसेंबर-जानेवारीत आठवडा असा अंदाज धरावा. पण खरे सांगायचे तर दिवस मोजूच नयेत. चमच्याने ढवळल्यावर सोड्यासारखा ‘स्स’ असा आवाज आला, आल्याचे तुकडे वर तरंगू लागले आणि वास आंबटगोड असला, की विरजण तयार झाले असे समजावे.

प्रमाण असे : अर्धा लिटर पाण्यात सालासकट बारीक चिरलेले दोन चमचे आले व दोन चमचे साखर घालून बरणीच्या तोंडाला सुती कापड बांधावे, आणि रोज एक-एक चमचा आले व साखर घालावी. भर उन्हाळ्यात हा खुराक सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा. बरणी थंड ठेवण्याचा उपाय आपल्या घरात आहेच. परातीत चार बोटे पाणी घेऊन त्यात बरणी उभी करावी, तिच्याभोवती ओले सुती कापड असे गुंडाळावे की त्याचे टोक पाण्यात बुडालेले राहील, आणि ती परात माठाशेजारी, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने, म्हणजे बाष्पीभवनाने, बरणीचे तापमानही काही अंशांनी उतरते. विदर्भातील कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला चालतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा उपयोग राहत नाही, पण तेव्हा गरजही तेवढी नसते.

प्रश्न : आल्याचा सोडा काचेच्या बाटलीत भरून ठेवला होता. रात्री बाटली फुटली. सुदैवाने जवळ कोणी नव्हते. बाटली कोणती वापरावी आणि किती वेळ ठेवावी? (महाल)

या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण काही वर्षांपूर्वी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, माझ्याही स्वयंपाकघरात सरबताची चौकोनी बाटली अशीच फुटली होती आणि काचेचे तुकडे समोरच्या भिंतीपर्यंत गेले होते. तेव्हापासून मी साखरेचा हिशेब केल्याशिवाय बाटली बंद करीत नाही.

हिशेब सोपा आहे. यीस्टने एक ग्रॅम साखर पूर्ण आंबवली, तर सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे अर्धा ग्रॅम अल्कोहोल तयार होते. बाजारातील झणझणीत सोड्यात एका लिटरमागे साधारण सहा ते आठ ग्रॅम वायू विरघळलेला असतो, म्हणजे तेवढी फसफस आणण्यासाठी बंद बाटलीत फक्त बारा ते सोळा ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन-चार लहान चमचे, साखर आंबणे पुरेसे आहे. आपण मात्र गोडीसाठी लिटरला साठ-सत्तर ग्रॅम साखर घालतो. ती सगळी बंद बाटलीत आंबली, तर तीस ग्रॅमांहून अधिक वायू तयार होईल, आणि तो दाब घरातली कोणतीही बाटली सहन करू शकणार नाही. गोडी शिल्लक असतानाच बाटली फ्रिजमध्ये जायला हवी, ती यासाठी.

त्यात उष्णतेची भर पडते. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात साधारण पावणेदोन लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, वीस अंशांना पाऊण लिटरपेक्षा थोडा अधिक आणि चाळीस अंशांना केवळ अर्धा लिटर. म्हणजे तेवढाच वायू असलेली बाटली गार असताना शांत असते आणि तापली की आतून रेटा देऊ लागते. बाटली उघडण्यापूर्वी ती किमान पाच-सहा तास फ्रिजमध्ये ठेवावी, याचेही कारण हेच.

बाटलीविषयी माझे मत ठाम आहे : पहिली दोन वर्षे काच वापरू नये. सोड्याची किंवा शीतपेयाची रिकामी प्लास्टिकची बाटली मुळातच दाब सहन करण्यासाठी बनवलेली असते, आणि तिचा मोठा गुण असा, की ती बोटांनी चाचपून पाहता येते. वर तीन-चार बोटे जागा सोडून बाटली भरावी, झाकण घट्ट लावावे आणि उन्हाळ्यात दर चार-पाच तासांनी दाबून पाहावी. न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी ती टणक लागली, की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. मे महिन्यात कूलर चालू असलेल्या खोलीतही हे बारा ते अठरा तासांत घडते. जानेवारीत तीन-चार दिवस लागतात. पाण्याची साधी पातळ बाटली चालत नाही. गोटी सोड्याची जाड बाटली पाहून काहींना मोह होतो, परंतु हायरम कॉड यांनी इंग्लंडमध्ये १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली यंत्राने मोजून वायू भरण्यासाठी आहे. आत वायू वाढत राहणाऱ्या पेयासाठी ती वापरू नये. फ्रिजमध्येही यीस्ट पूर्ण थांबत नाही, म्हणून आठवड्याच्या आत पेय संपवावे, आणि वीज बराच वेळ गेली तर बाटल्यांची झाकणे हळूच सैल करून वायू सोडून द्यावा.

प्रश्न : मृग बहाराची संत्री आणून मिक्सरमधून रस काढला आणि विरजण घालून बाटलीत भरला. फसफस उत्तम आली, पण पेय कडू झाले. ताजा रस तर गोड होता. (धरमपेठ)

हा कडूपणा आंबण्याचा नाही, संत्र्याचा आहे. नागपुरी संत्र्याच्या फोडींवरील पापुद्र्यात आणि बियांमध्ये असा एक पदार्थ असतो, जो फळात असताना कडू लागत नाही. रस काढल्यावर मात्र रसातील आम्लामुळे त्याचे काही तासांत लिमोनिनमध्ये रूपांतर होते, आणि लिमोनिन अतिशय कडू असते. मिक्सरने बिया व पापुद्रे भरडले जातात, त्यामुळे हा त्रास कितीतरी पटींनी वाढतो. आपल्या संत्र्याचा रस टिकवून विकण्यातली ही जुनी अडचण आहे, आणि आपल्या शहराची ओळख असलेल्या फळाच्या बाबतीत ती असावी याचे मला नेहमी वाईट वाटते. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे संत्रे सोलून खाण्यात अद्वितीय आहे. त्याच्या रसाला मात्र सांभाळून हाताळावे लागते.

फोडी सोलून बिया काढाव्यात, गर हाताने हलके दाबून रस काढावा आणि दोनदा गाळावा. रस तापवू नये, कारण उष्णतेने कडूपणा लवकर येतो. साल किसून घालण्याचा मोह आवरावा. सालीतील तेल यीस्टची वाढ रोखते. पाऊण लिटर आल्याचे गोड पाणी विरजण लावून आधी कापड बांधलेल्या बरणीत एक दिवस आंबू द्यावे आणि पाव लिटर ताजा रस बाटली भरतानाच घालावा. पाव लिटर रसात बावीस-पंचवीस ग्रॅम साखर असतेच, त्यामुळे त्या वेळी वेगळी साखर घालू नये. अशा रीतीने रसाला बाटलीत थोडाच वेळ काढावा लागतो.

प्रश्न : विरजणावर पांढरी साय आली. टाकून द्यावे का? (इतवारी)

ती पातळ, सपाट, सुरकुतलेली असेल, तर ते हवेवर वाढणारे यीस्ट आहे. ते अपायकारक नसले तरी चव बिघडवते. काढून टाकावे, खुराक द्यावा आणि दिवसातून दोनदा ढवळावे. लोकरीसारखे, हिरवे, काळे किंवा गुलाबी काही दिसले, तर वरचे काढून खालचे वापरण्याचा विचारही करू नये. सगळे ओतून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

प्रश्न : विरजण फसफसतच नाही. नळाचे पाणी आणि सोललेले आले वापरले होते. (प्रतापनगर)

कारणे आपणच लिहिली आहेत. यीस्ट सालीवर असते, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्याला मारक ठरते. पाणी उकळून पूर्ण गार करून घ्यावे.

प्रश्न : घरी आंबवल्याने विषारी दारू तयार होते, असे शेजारी सांगतात. मुलांना हे पेय द्यावे का? (नंदनवन)

विषारी दारूचे बळी ज्या मिथेनॉलने जातात, ते बहुधा औद्योगिक वापराचे मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. साखर आणि आले आंबवून ते घातक प्रमाणात तयार होत नाही. फळांतील पेक्टिनपासून होते ते अत्यल्प असते. शेजाऱ्यांची ही भीती बाजूला ठेवावी, पण दुसरी गोष्ट लपवू नये. वर दिलेल्या हिशेबाने पंधरा ग्रॅम साखर आंबली, तर एका लिटरमध्ये सुमारे एक टक्का अल्कोहोल येऊ शकते, आणि बाटली अधिक काळ ठेवली तर त्याहून जास्त. ज्वारीच्या पिठाची आपली आंबील आणि हे पेय यांत हाच फरक आहे : आंबिलीत मुख्यतः आम्ल तयार होते, येथे यीस्टचे काम मोठे असते. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, मेट्रोनिडाझोलसारखी औषधे चालू असलेल्या व्यक्ती आणि मद्य वर्ज्य मानणारी माणसे यांना हे पेय देऊ नये, आणि पाहुण्यांपुढे ठेवताना ते आंबवलेले आहे हे आधी सांगावे. मुलांना आल्याचा रस, लिंबू आणि साखर विकतच्या साध्या सोड्यात ढवळून द्यावी. त्यांना तेवढाच आनंद होतो.

प्रश्न : पंधरा-वीस दिवस मुलीकडे जायचे आहे. विरजण मरेल का? (गोकुळपेठ)

निघण्यापूर्वी दोन चमचे साखर व थोडे आले घालून तासाभराने बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. झाकण पूर्ण घट्ट लावू नये, नुसते टेकवावे. परत आल्यावर निम्मे पाणी ओतून तेवढेच नवे घालावे आणि दोन दिवस बाहेर ठेवून खुराक द्यावा. पहिल्या दिवशी बुडबुडे दिसले नाहीत तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवशी ढवळताना ‘स्स’ ऐकू आले, की त्या संध्याकाळी सोडा लावायला हरकत नाही.