सामन्यात वापरलेल्या आइस हॉकी जर्सीवरचं नाव उसवून त्याखालचं जुनं नाव परत बसवावं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: एनएचएल (उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग) संघाची जुनी जाळीदार जर्सी, पाठीवर एका खेळाडूच्या नावाची शिवलेली पट्टी, आणि पट्टीच्या कडेबाहेर दिसणारी जुन्या टाक्यांची भोकं. म्हणजे आधी तिथे दुसरी पट्टी होती, बहुधा लांब नावाची.

आत्ताचं नाव घालूनही कुणी सामना खेळला असेल, तर ते काढू नका. जुन्या काळी संघ जर्सी सहसा फुकट घालवत नसत. खेळाडू गेला की पट्टी उसवायची आणि नव्याची शिवायची. हंगाम संपला की तीच जर्सी सराव शिबिरात किंवा खालच्या लीगमधल्या संलग्न संघाकडे जायची. बेसबॉलमध्ये लोकरी फ्लॅनेलच्या काळात हेच चालायचं. छातीवरचं फेल्टचं नाव काढून खालचा संघ आपलं नाव लावायचा. त्यामुळे दोन नावांच्या खुणा हा जर्सीचा खरा इतिहास असतो. एक नाव पुसून दुसरं आणलंत की दोन्ही खेळाडूंचा पुरावा कच्चा होतो.

आणखी एक गैरसमज. नाव नाही म्हणजे ते काढलंच असणार, असं नाही. एनएचएलमध्ये पाठीवरचं नाव 1977-78 च्या हंगामापासून सक्तीचं झालं. टोरंटो मेपल लीफ्स संघाचे मालक हॅरोल्ड बॅलार्ड यांनी तर 1978 मध्ये निळ्या जर्सीवर निळीच अक्षरं शिवून घेतली होती, नियम पाळला आणि कुणाला वाचताही येऊ नये! बेसबॉलमध्ये न्यू यॉर्क यांकीज संघ आजही पाठीवर नाव लावत नाहीत.

नाव काढणं योग्य ठरतं ते एकाच परिस्थितीत: आत्ताची अक्षरं नंतर कुणी दुकानातून, हौसेखातर शिवून घेतलेली असतील तर. ते ओळखायला जर्सी उलटी करा. सामन्यात वापरलेल्या पट्टीचा आतला दोरा घामाने आणि धुण्याने आजूबाजूच्या कापडाइतकाच मळलेला, थोडा केसाळ झालेला असतो. नंतरचा दोरा चकचकीत दिसतो. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. जुन्या पट्टीचा चौकोन, कधीकधी अक्षरंसुद्धा, उठून दिसतात. बटर पेपर ठेवून भोकांची रेघ पेन्सिलीने उतरवून घ्या, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. हे सगळं उसवण्याआधी. आतला भाग नंतर पूर्वीसारखा मिळत नाही.

आता उसवणं. आतून पाहा की टाक्यांच्या किती बाह्यरेषा कापडातून आरपार आल्या आहेत. नाव बहुतेक वेळा जर्सीच्याच कापडाच्या पट्टीवर आधी शिवलेलं असतं, म्हणून आत फक्त पट्टीची कड दिसते. तसं असेल तर अक्षरांना हात न लावता अख्खी पट्टी काढा. अक्षरं थेट जर्सीवर असतील तर काम दुप्पट. दोनरंगी अंकांत कधी दोन्ही थर आरपार शिवलेले असतात, तेव्हा दोन रेषा उसवाव्या लागतात.

सीम रिपरने (टाके उसवायच्या छोट्या हत्याराने) आतल्या बाजूचा, म्हणजे बॉबिनचा दोरा दर चौथ्या-पाचव्या टाक्याला कापा. पातं नेहमी कापडापासून दूर वळवलेलं हवं. मग पुढून वरचा दोरा चिमट्याने ओढला की लांबच्या लांब निघतो. अडला तर ओढू नका, आतून आणखी एक टाका कापा. जाळीची वीण एका ठिकाणी तुटली की पुढे उसवत जाऊ शकते, आणि घाईत नेमकं तेच होतं.

टाके निघूनही अक्षर चिकटून राहिलं तर मागे उष्णतेने वितळणारा गोंद आहे. सुती कापड मधे ठेवून इस्त्री एका ठिपक्यावर, म्हणजे साधारण 110 अंशांवर, 8-10 सेकंद धरा. अक्षर वर न उचलता कापडाला समांतर, हळू सोलत न्या. सुटलं नाही तर थोडी उष्णता वाढवा, पण दोन ठिपक्यांच्या (150 अंश) पुढे नको: पॉलिएस्टर चकाकतं आणि गडद रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. वाफ टाळा. गोंद फार वितळला की विणीत मुरतो.

उरलेल्या गोंदाला आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल. नाही गेला तरच शुद्ध अ‍ॅसिटोन, तेही आतल्या शिवणीच्या जादा कापडावर तपासून. खाली पांढरं सुती फडकं ठेवा, टिपत राहा, घासू नका. छापील लोगो किंवा अंक जवळ असतील तर अ‍ॅसिटोन वापरूच नका, शाई निघते. खिडकी उघडी, इस्त्री बंद.

भोकांवर पाण्याचा हलका फवारा मारून नखाने दोन्ही तिरप्या दिशांनी फिरवा. जाळीत ती बरीच बुजतात, घट्ट विणीत राहतात. न विटलेल्या कापडाची सावलीही राहणारच. ती घालवायला जर्सी धुवू नका: पकचे (खेळातल्या रबरी चकतीचे) काळे डाग, बर्फाच्या मैदानाभोवतीच्या कुंपणाच्या रंगाचे ओरखडे, संघाने केलेली रफू याच खुणा सामन्याच्या फोटोशी जुळवून खेळाडू ठरतो.

जुनं नाव शिवायचंच असेल तर त्या हंगामातल्या, पाठ दिसणाऱ्या फोटोवरून अक्षरांची उंची, अंतर आणि कमान मोजून घ्या आणि जमेल तिथे जुन्या भोकांतूनच टाका घाला. काढलेली पट्टी, दोरा, फोटो एका पाकिटात जर्सीबरोबर ठेवा. विकताना ‘नाव नव्याने बसवलेलं’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती फसवणूक ठरते.

फुटबॉलच्या आणि आपल्याकडच्या क्रिकेटच्या जर्सीवर नावं बहुतेक उष्णतेने चिकटवलेली असतात. तिथे ही उसवण्याची पद्धत लागू होत नाही.