शेतावर जनावरं पाळताना घडलेला एखादा गमतीचा प्रसंग सांगाल का?

एखादा कसला, रोजचंच आहे. सांगोल्याजवळ आमची छोटी डाळिंबाची बाग आहे. सोबत एक पंढरपुरी म्हैस, चार उस्मानाबादी शेळ्या आणि थोड्या गावरान कोंबड्या.

शेळ्यांचं फार सांगत नाही. पीककर्जासाठी काढून आणलेला सातबारा बाजेवर ठेवून मी पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर शेळीच्या तोंडातून फक्त 'भोगवटादार' एवढा तुकडा लोंबत होता. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो म्हणून थोडक्यात निभावलं.

कोंबडीचं मात्र सांगायलाच हवं. एक कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसली होती, आणि पाहुण्यांनी बदकाची सहा अंडी दिली होती. ठेवली तिच्याखाली. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, बदकाला २८ लागतात. बिचारी आठवडाभर जादा बसली, पण उठली नाही. पाच पिल्लं निघाली. थोडी मोठी झाल्यावर एके दिवशी ती शेततळ्याच्या बांधावर गेली आणि पाचही धडाधड पाण्यात! कोंबडी काठावर पंख फुलवून अशी काही कोकलत होती की शेजारच्या रानातली माणसं धावत आली. पिल्लं मजेत पोहत होती. अडचण वेगळीच होती, शेततळ्याच्या प्लास्टिकवरून त्यांना वर चढता येईना. शेवटी जुनी पोती बांधून पाण्यात सोडली, तेव्हा एकेक करून वर आली. पुढच्या खेपेला तिच्याखाली कोंबडीचीच अंडी ठेवली, तर ही बया पिल्लांना घेऊन सरळ तळ्याच्या काठावर जाऊन उभी! ती पाण्यात उतरत नाहीत म्हणून बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

आता म्हैस. तिची धार आईच काढते. गेल्या आषाढीला आई गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला गेली आणि चार दिवस धार माझ्याकडे आली. रेडकू सोडलं, पेंड पुढे ठेवली, कास धुतली, सगळं आईसारखं केलं. म्हैस काही पान्हवेना. परकं माणूस जवळ बसलं की जनावर बिचकतं आणि पान्हा चोरतं, हे ऐकून होतो. पण मी परका? लहानपणापासून हिच्या आईचं दूध पितोय! वर ती मान फिरवायची, आणि पंढरपुरीची शिंगं तलवारीएवढी लांब, दोनदा बरगडीत बसलं. चरवीत पावशेर दूध.

संध्याकाळी बायको म्हणाली, आत्याबाईंचं लुगडं नेसा. हसू नका, आमच्याकडे हा उपाय बरेच जण करतात. आईचं रोजचं लुगडं कसंबसं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला. म्हशीनं पदर हुंगला, दोन घास पेंड खाल्ली आणि पाय झाडला. मग बायकोनं हातात बांगड्या चढवल्या. तरी नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आई धार काढताना गप्प कधीच नसते. पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत ती आबांना बोलत असते. आबा समोरच खुंट्याशी कडब्याची पेंढी सोडत होते. पण दूध गाडीवाला यायची वेळ झालेली, काय करणार? पदर सावरला आणि आईच्या सुरात सुरू केलं, "उठायचं न्हाई, वैरण बघायची न्हाई, नुसतं च्या दे, च्या दे. ह्या माणसापायी माझा जलम गेला!"

म्हशीनं डोळे अर्धे मिटले. कास तटतटली. मी बोलत गेलो आणि चरवीत फेस चढत गेला. मध्ये मुद्दे संपले तर बायको मागून पुरवत होती, आणि तिच्याकडे भरपूर होते. साडेचार लिटर निघालं. आबा पेंढी हातात धरून तसेच उभे. दूध गाडीवाला पोरगा फाटकात किती वेळ उभा होता, देव जाणे. कॅन घेताना त्यानं मला "मावशी" म्हणून हाक मारली.

चार दिवस हे दोन्ही वेळ चाललं. आई परतल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, "मग काय खोटं बोललास का?" आबा आता धारेच्या वेळी डाळिंबाला पाणी सोडायला जातात, वीज नसली तरी.