अल्काझी पुण्याचे होते का?

प्रश्न : आम्ही कॉलेजची मुलं पुरुषोत्तमची, म्हणजे पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची, तयारी करतोय. आमचे सर सारखं "अल्काझींसारखी शिस्त पाहिजे" म्हणतात. हे अल्काझी नक्की कोण, आणि ते पुण्याचे होते हे खरं का?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : हो, अगदी खरं. नाट्यदिग्दर्शक आणि नाटक शिकवणारे गुरू इब्राहिम अल्काझी यांचा जन्म पुण्यातलाच, १८ ऑक्टोबर १९२५ चा. वडील सौदी अरेबियातून आलेले व्यापारी, आई कुवेतची, आणि मुलगा जायचा आपल्या सेंट व्हिन्सेंटच्या शाळेत. पुढे मुंबईत झेवियर्सला गेले, तिथे सुलतान पदमसींच्या थिएटर ग्रुपमध्ये शिरले, मग लंडनला राडा या नाट्यशिक्षण संस्थेत शिकले आणि परत येऊन मुंबईत थिएटर युनिट ही आपली नाट्यसंस्था काढली. हॉल परवडत नाही म्हणून रडत बसणाऱ्यांनी हे वाचावंच, त्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर थिएटर केलं आणि तिथे नाटकं लावली.

१९६२ साली ते दिल्लीला एनएसडीचे, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचे, डायरेक्टर झाले ते १९७७ पर्यंत. तुमचे सर म्हणतात ती शिस्त इथली. पण शिस्त म्हणजे फक्त तालमीला वेळेवर येणं नाही बरं का! त्यांच्याकडे अ‍ॅक्टिंग शिकायला आलेल्यालाही सेट, लाइट, कपडे, मेकअप सगळं करावं लागायचं, आणि टॉयलेट घाण दिसलं तर अल्काझी स्वतः साफ करायला घ्यायचे असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मग कोण म्हणणार की मी हिरो आहे, मी झाडू मारणार नाही? मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. नाटक म्हणजे संध्याकाळचा छंद नाही, पूर्ण वेळ शिकायची गोष्ट आहे, हे त्यांनी पोरांच्या अंगात मुरवलं. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, मनोहर सिंग, सुरेखा सिक्री, आपल्या उत्तरा बावकर, रोहिणी आणि जयदेव हट्टंगडी सगळे त्यांच्याच हाताखालचे.

आणि जागा निवडायची नजर बघा. १९६३ ला धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' केलं ते दिल्लीतल्या फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या किल्ल्यात. नाटक महाभारत युद्धाच्या शेवटच्या दिवसापासून सुरू होतं, सगळं संपलंय, राज्य उद्ध्वस्त झालंय, आणि समोर खरेखुरे ढासळलेले दगड आणि वर उघडं आभाळ, आता याच्यापुढे प्लायवूडच्या भिंती काय करणार? तुमच्या एकांकिकेलाही आधी जागा काय सांगते ते बघा, मग सेटचा खर्च काढा.

प्रश्न : ते फार इंग्रजी वळणाचे होते असं ऐकलंय. मराठी रंगभूमीला त्यांचा काय उपयोग झाला?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुंबईत त्यांचं काम इंग्रजीतच होतं, हे बरोबर आहे. पण विजयाबाई मेहता तिथे त्यांच्याकडे शिकल्या आणि १९६० ला 'रंगायन' ही मराठी प्रायोगिक नाट्यसंस्था उभी राहिली त्यात विजयाबाई होत्या, मग उपयोग झाला नाही असं कसं म्हणायचं? अल्काझी दिल्लीला गेल्यावर थिएटर युनिट दिग्दर्शक सत्यदेव दुबेंनी चालवलं, त्यांनीही मराठीत किती काम केलं ते तुम्हाला माहितीच असेल. दिल्लीत तर अल्काझींनी मोहन राकेश, धर्मवीर भारती, गिरीश कर्नाड या आपल्याच नाटककारांची नाटकं उभी केली. लोककलांकडे कमी लक्ष दिलं ही टीका मात्र मला पटते. ती बाजू त्यांच्यानंतर एनएसडीचे डायरेक्टर झालेल्या ब. व. कारंतांनी भरून काढली, आणि कारंत हेही अल्काझींचेच विद्यार्थी!

प्रश्न : एनएसडी सोडल्यावर त्यांनी काय केलं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : बायको रोशनबरोबर दिल्लीत आर्ट हेरिटेज गॅलरी चालवली, जुन्या फोटोंचा प्रचंड संग्रह जमवला. मधे बरीच वर्षं नाटक नव्हतं, मग १९९२ ला कर्नाडांचं 'रक्त कल्याण' घेऊन एनएसडीच्या रेपर्टरीत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक नाटकमंडळीत, परत आले. २०१० ला पद्मविभूषण मिळालं. ४ ऑगस्ट २०२० ला दिल्लीत गेले, ९४ वर्षांचे होते.